हन्नाचा चेहरा

मंगळवार, रात्र

आज डॉक्टरांनी आमची फाइल मिटली. अगदी हळुवारपणे, पण मिटली. तिसऱ्या आयव्हीएफनंतरची बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, तीसुद्धा निगेटिव्ह आली. त्या म्हणाल्या, तुमच्या स्वतःच्या स्त्रीबीजांवर आणखी एकदा प्रयत्न करा असा सल्ला मी देणार नाही. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. बाहेर आल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

गर्भाशयात गर्भ सोडल्यापासून रक्ततपासणीपर्यंतचे ते चौदा दिवस ज्यांनी काढले आहेत त्यांनाच माहीत. प्रत्येक चिमटा, प्रत्येक कळ, सकाळची जराशी मळमळ. सगळ्याला अर्थ लावत बसायचं. त्या चौदा दिवसांत मी जेवढी प्रार्थना केली तेवढी वर्षभरात केली नसेल. आज संध्याकाळी मात्र तोंडातून 'प्रभू' एवढंच निघालं. पुढे शब्दच नव्हते.

प्रार्थनेची वही काढून बसले. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे मागणी आणि तिची तारीख, उजवीकडे उत्तराची तारीख. पहिल्या पानावरची पहिली मागणी नऊ वर्षांपूर्वीची. तिच्या खालच्या कितीतरी मागण्यांपुढे तारखा पडल्या. आईचं ऑपरेशन नीट झालं, नवऱ्याला नोकरी लागली, धाकटा भाऊ परत उपासनेला यायला लागला. सर्वांत वरची उजवी जागा तेवढी कोरी. ती मी मुद्दाम ऐसपैस सोडली होती, कारण तिथे तारखेबरोबर बाळाचं नावही लिहायचं होतं.

आणि येत्या रविवारी चर्चमध्ये धाकट्या जावेच्या बाळाचं समर्पण आहे, बाळाला देवाच्या हाती सोपवण्याचा विधी. शास्त्रपाठ मी वाचायचा आहे: बायबलमधलं १ शमुवेल, पहिला अध्याय. हन्ना, मूल नव्हतं म्हणून रडून मागणारी, आणि शेवटी शमुवेल मिळालेली. महिन्यापूर्वी तिने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं होतं. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी आनंदाची बातमी पोटात घेऊन तिथे उभी असेन.

बुधवार

फोन येताहेत. सगळे प्रेमानेच बोलतात, हे मी आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचताना माझं मलाच खोटं वाटेल.

कोणी म्हणतं देवाची वेळ यायची आहे. कोणी म्हणतं सारेला नव्वदाव्या वर्षी दिलं, तुझं वय ते काय. एका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, काही कबूल करायचं राहिलंय का गं? विश्वासात कुठे कमी पडतोय का, बघ. तेव्हापासून ते वाक्य अंगाला चिकटून बसलंय.

मग लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडला. सहाव्या वचनात जखऱ्या आणि त्याची बायको अलीशिबा दोघंही देवासमोर नीतिमान होते, त्याच्या आज्ञांप्रमाणे निर्दोष चालत होते, असं लिहिलंय. त्याला लागूनच सातवं: त्यांना मूल नव्हतं. लूकने ही दोन वचनं शेजारीशेजारी ठेवली त्याबद्दल आज मी त्याचे आभार मानले. त्यांच्यामध्ये दोषारोपाला शिरायला जागाच नाही.

दत्तक घ्या, असंही लोक सुचवतात. घेऊही कदाचित. पण जे मूल येईल ते स्वतःसाठी हवंसं वाटून आलेलं असावं, आमच्या जखमेवरची पट्टी म्हणून नव्हे. आज ती जखम ओली आहे. एवढं थांबू द्यावं.

गुरुवार

पाठ वाचायची तयारी करायला बसले आणि पाचव्या वचनावरच अडले. परमेश्वराने हन्नाचं गर्भाशय बंद केलं होतं. सहाव्यात तेच पुन्हा. ही कथा मी लहानपणापासून ऐकलीय, पण हे शब्द कुणी फळ्यावर लिहिले नाहीत. आम्हाला शिकवलं ते शेवटाकडून: शमुवेल मिळाला, मग प्रार्थना केली की मिळतं.

मी आज एक यादी केली. सारा, रिबका, राहेल, शमशोनाची आई, हन्ना, अलीशिबा. शास्त्रात जिथे जिथे मूल नसलेल्या बाईचं दुःख सविस्तर सांगितलंय तिथे शेवटी पाळणा हलतो. इसहाकाचं रिबकेशी लग्न झालं तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता आणि जुळी झाली तेव्हा साठ. मधली वीस वर्षं एका वचनात संपतात: त्याने बायकोसाठी विनंती केली, परमेश्वराने ऐकली. वीस वर्षं! दर महिन्याला रिबका काय करत होती, कुठे जाऊन रडत होती, हे कुणी लिहिलं नाही. आणि जिच्या घरी एकविसावं वर्षही तसंच उजाडलं, तिची तर गोष्टच नाही. माझी गोष्ट त्या यादीत कुठे बसते, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

स्तोत्र ३७ चं चौथं वचन मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी 'मिळालं' होतं. तो तुझे मनोरथ पूर्ण करील. त्या वचनाचा पहिला भाग परमेश्वराच्या ठायी आनंद मानण्याचा आहे. तो मी पायरीसारखा वापरला, पाय ठेवून वर चढायला. आनंद त्याच्यात नव्हता, पुढे मिळणाऱ्या गोष्टीत होता. हे लिहिताना हात थरथरतोय, पण खरं आहे. नऊ वर्षं मी ज्याला विश्वास म्हणत होते त्यात बरीचशी खात्री होती. माझ्या मनात ठरलेल्या एका दिवसाची खात्री. तो दिवस परवा गेला. आता उरलंय काय, ते बघायचंय.

रात्री

नवऱ्याला हन्नाची कथा वाचून दाखवली. तिचा नवरा एलकाना तिला विचारतो, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? इथे मी थांबले. हन्ना काही उत्तर देत नाही. तोही काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला कोणी फोन करत नाही. सगळे तुलाच विचारतात कशी आहेस." नऊ वर्षांत मी हे एकदाही त्याच्या बाजूने पाहिलं नव्हतं. बापाची जागाही कोरीच राहिलीय. वहीत मी फक्त माझ्या अक्षरात लिहीत आले.

शुक्रवार

आज डोक्यात हन्ना नव्हती, जब्दीच्या मुलांची, म्हणजे येशूचे शिष्य याकोब आणि योहान यांची आई होती.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात ती येशूकडे येते, पाया पडते आणि मागणं मागते: तुझ्या राज्यात माझ्या या दोन मुलांपैकी एकाला तुझ्या उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. येशू म्हणतो, तुम्ही काय मागता ते तुम्हाला समजत नाही. तिच्याकडे मुलगे होते. जे मी मागतेय ते तिला मिळालेलं होतं, आणि तरी तिची ओंजळ पुढे होतीच. आई झालं की आशा संपतात असं नाही, त्या मुलांच्या अंगावर चढतात.

सत्ताविसाव्या अध्यायात ती पुन्हा दिसते. वधस्तंभापासून दूर उभ्या राहून पाहणाऱ्या बायकांमध्ये मत्तयाने तिची नोंद केलीय. त्याच अध्यायात थोडं वर: त्याच्याबरोबर दोन लुटारू खिळले होते, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. तिने मागितलेल्या त्या दोन जागा तिने डोळ्यांनी पाहिल्या. त्या क्षणी तिच्या मनात काय झालं असेल? तिचं मागणं नाकारलं गेलं याबद्दल तिचा ऊर भरून आला असेल का? की फक्त अंधार दिसला असेल, सहाव्या तासापासून, म्हणजे भर दुपारपासून पसरलेला?

ती निघून गेली नाही, एवढंच तिच्याबद्दल मला पक्कं माहीत आहे. अपेक्षा मोडली आणि ती तिथेच उभी राहिली. समजलं म्हणून राहिली असेल असं मला वाटत नाही. तो तिथे होता म्हणून राहिली.

तिचा मुलगा याकोब पुढे हेरोद राजाच्या तलवारीने मारला गेला. लूकनेच लिहिलेली प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय, दुसरं वचन. एवढ्या एका ओळीत. त्याच अध्यायात दुसरा शिष्य पेत्र याच्या तुरुंगातून सुटकेला पंधरा वचनं आहेत: चार-चार शिपायांच्या चार टोळ्या, गळून पडलेल्या बेड्या, आपोआप उघडलेला लोखंडी दरवाजा. तीच मंडळी, तोच राजा, तोच प्रभू. एकाच्या दारात देवदूत आला, दुसऱ्याच्या नाही. कारण लिहिलेलं नाही. मला पूर्वी हे अन्यायाचं वाटायचं. आज पहिल्यांदा बरं वाटलं की लूकने कारण जुळवून लिहिलं नाही. याकोबाची श्रद्धा पेत्रापेक्षा कमी होती असा एक शब्द त्याने लिहिला असता, तर माझ्यासारख्या सगळ्यांना जन्मभर तो पुरला असता.

शनिवार

पहाटे जाग आली. यशया ५६. हे पान मी आधी वाचलं असणारच, पण कधी लक्षात राहिलं नाही. ज्यांना मूल होणं शक्यच नाही त्यांच्याशी परमेश्वर इथे थेट बोलतो. मी शुष्क झाड आहे असं षंढाने म्हणू नये. मी त्यांना माझ्या मंदिरात, माझ्या तटांच्या आत, मुलगे आणि मुली यांच्यापेक्षा उत्तम असं स्मारक आणि नाव देईन. कधी न पुसणारं नाव.

इथे पाळणा हलत नाही. कुणाला वर्षभराने बाळ होईल असं सांगितलेलं नाही. माझ्या यादीत न बसणाऱ्यांसाठी लिहिलेलं पान आहे हे. 'स्मारक आणि नाव' यासाठी मूळ हिब्रूत 'याद वाशेम' असे शब्द आहेत. नाझींनी मारलेल्या ज्यूंचं जेरुसलेममधलं स्मारक १९५३ साली उभारायचं ठरलं तेव्हा त्याला हेच नाव दिलं. ज्यांचं नाव घ्यायला घरात कोणी उरलं नाही, त्यांच्यासाठी हे शब्द निवडावेसे कुणाला तरी वाटले. माझं दुःख त्या दुःखाच्या जवळपासही नाही. पण नाव कोण घेईल ही भीती मला ओळखीची आहे.

मग आठवला तो हबशी षंढ, कांदके राणीचा अधिकारी. सुवार्तिक फिलिप्प त्याच्या रथाशी धावत गेला तेव्हा तो यशयाच वाचत होता, आपण ज्याला ५३ वा अध्याय म्हणतो तो भाग. त्याच्या हातातल्या गुंडाळीत ५६ वा अध्याय अगदी जवळ होता. पुढे त्याने तो वाचला का, शास्त्र सांगत नाही. मी मात्र मनातल्या मनात त्याला वाचून दाखवला.

दुपारी पाळकसाहेबांना फोन केला. समर्पणाला नेहमी शेवटचा भाग वाचतात, चोविसाव्या वचनापासून, हन्ना बाळाला मंदिरात आणते तिथून. मी विचारलं, नवव्यापासून वाचू का? ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "वाचा ताई. सगळं वाचा."

रविवार

वाचलं.

सुरुवातीला आवाज बरा होता. ती परमेश्वराची प्रार्थना करून फार रडली, इथे जराशी अडखळले. मंदिरातला याजक एली याला वाटतं ती प्यायलेली आहे, कारण ओठ हलताहेत आणि आवाज येत नाही. हे वाचताना मला मंगळवारची संध्याकाळ आठवली. ती त्याला म्हणते की मी प्यायलेली नाही, मी परमेश्वरापुढे आपलं मन ओतते आहे.

आणि अठरावं वचन. यासाठीच मी नवव्यापासून मागितलं होतं. ती उठून गेली, जेवली, आणि तिचा चेहरा त्यानंतर उदास राहिला नाही. गर्भ राहिल्याचा उल्लेख याच्या नंतर येतो. एलीचा आशीर्वाद तिला मिळाला होता, हे खरं. मला तसा कोणताही शब्द मिळालेला नाही, आणि मी तो मिळाल्यासारखं करणार नाही. तरीही ती उठली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. फक्त सगळं ओतून झालं होतं, आणि ज्याच्यापुढे ओतलं तो तिथे होता.

माझा चेहरा आज कसा होता मला ठाऊक नाही. जावेने बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा डोळे भरलेच. तिलाही कळलं. तिने बाळ लगेच परत घेतलं नाही, माझ्याजवळच राहू दिलं. मी त्याच्यासाठी मनापासून प्रार्थना केली आणि त्या प्रार्थनेत कुठेही माझं नाव घुसलं नाही.

घरी आल्यावर वही उघडली. त्या पहिल्या मागणीवर काट मारावी का, असा विचार सकाळपासून होता. मारली नाही. उत्तराची तारीखही लिहिली नाही, कारण तसं उत्तर आलेलं नाही. उजवीकडच्या मोठ्या कोऱ्या जागेत आजची तारीख घातली आणि खाली लिहिलं: मन ओतलं. मग वही त्याच्याकडे सरकवली. त्याने पेन घेतलं, बराच वेळ पानाकडे पाहिलं आणि माझ्या ओळीखाली त्याच्या अक्षरात लिहिलं: मीसुद्धा.