ज्ञान वाढलं की दुःख कमी होतं का?

माझ्या एका मित्राचं ठाम मत आहे की माणसाचं ज्ञान कितीही वाढू दे, दुःख तेवढंच राहणार, फक्त रूप बदलणार. मला हे अजिबात पटत नाही. देवीचा रोग घ्या, शेकडो वर्षं माणसं मेली, वाचली ती तोंडावर व्रण घेऊन जगली, आणि १९८० ला जगातून तो संपल्याचं जाहीर झालंच की! कुणी नवस केला म्हणून नाही, लस शोधली अन् गावोगाव फिरून टोचली म्हणून.

पण कळलं तरी माणूस वाचतोच असं नाही, हा त्याचा दुसरा मुद्दा डोक्यातून जाईना. २०१९ च्या पुरात सांगलीला कृष्णा नदी चढत होती तेव्हा तिथल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटाफुटाने सगळ्यांच्या मोबाईलवर येत होती, ४५ फूट म्हणजे धोका हे सांगलीत शाळकरी पोराला पण माहीत, तरी जवळच्या ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेलीच ना. म्हणजे नुसतं कळून भागत नाही, आधी कुणाला बाहेर काढायचं, म्हातारीला का दुकानातल्या मालाला, हे ठरवावं लागतं, आणि माणसाचं पुढचं भविष्य मला तरी तिथंच दिसतं. मित्र म्हणतो ही निवड माणूस कायम चुकीचीच करतो. मग त्या पुरात कुठून कुठून अनोळखी लोकांनी भाकरी बांधून टेम्पो भरून पाठवले, ते का मोजायचं नाही?