१८०८ सालची घसरगुंडी, तांब्याच्या पत्र्यावर : माझा अनुभव

इंग्लिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं ‘व्हेरी स्लिपी वेदर’ (फारच निसरडं हवामान) हे व्यंगचित्र १० फेब्रुवारी १८०८ ची तारीख घेऊन लंडनमध्ये विक्रीला आलं. विकणाऱ्या हॅना हम्फ्री, दुकान २७, सेंट जेम्स स्ट्रीट. चित्रातही तेच दुकान आहे. खिडकीच्या काचांमागे व्यंगचित्रं मांडलेली, बघे रस्त्याकडे पाठ करून त्यांत गढलेले, आणि त्यांच्या मागे एक गृहस्थ घसरून पडलाय. खिशातली नाणी सांडलीत, पण हातातला थर्मामीटर त्याने सांभाळून वर धरलाय. बघ्यांपैकी कुणाला पत्ताच नाही. हवामानावरच्या सात चित्रांच्या संचातलं हे एक. कल्पना रेव्हरंड जॉन स्नीड यांची, तांब्यावरचं काम गिलरेचं.

हेच चित्र मी त्या काळच्या रीतीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं, दहा प्रती छापल्या आणि हाताने रंगवल्या. ही चित्रं आपण रेखाटनं म्हणून बघतो. पण त्यातली जाड-बारीक रेष हाताच्या दाबाने येत नाही, ती अ‍ॅसिडमध्ये घालवलेल्या मिनिटांनी येते. पत्र्यावरचा मेणाचा थर सुईने खरवडला तिथे अ‍ॅसिड तांबं खातं, आणि त्या खाचेत शाई भरून चित्र छापतात. हे पुस्तकात वाचून पटतं, कळतं मात्र पत्रा बिघडल्यावर.

मूळ चित्र साधारण २६ × २० सेंमीचं. मी तेवढाच दीड मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा कापून घेतला. (तेव्हा तांबं हातोडीने ठोकून घट्ट केलेलं असायचं, आजचा लाटलेला पत्रा थोडा मऊ असतो.) चारही कडा कानशीने तिरप्या घासाव्या लागतात, कारण उभी धारदार कड छापताना दाबाखाली कागद कापते आणि त्यावरचं फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापडही. मग पत्रा खडूच्या भुकटीत दोन-चार थेंब अमोनिया घालून चोळायचा. तो साफ झाला का, हे डोळ्यांना समजत नाही. नळाखाली तिरपा धरावा. पाणी अखंड पडद्यासारखं ओघळलं तर झालं. कुठे मागे सरून थेंब जमले तर तिथे तेलकटपणा आहे आणि नेमकं तिथेच ग्राउंड सुटणार.

ग्राउंड म्हणजे अ‍ॅसिडपासून तांब्याला वाचवणारा मेणाचा थर. ५० ग्रॅम मधमाश्यांचं मेण, ५० ग्रॅम अस्फाल्टम (डांबरासारखा काळा पदार्थ), २५ ग्रॅम राळ. मेण आधी वितळवायचं, त्यात अस्फाल्टमची पूड चिमटीचिमटीने सोडायची, शेवटी राळ. उघड्या ज्योतीवर हे करू नये, शेगडी विजेची हवी. सगळं एकजीव झालं की कोमट पाण्यात ओतून हाताने लिंबाएवढे गोळे वळायचे आणि रेशमी चिंधीत बांधायचे. मुंबईत मे महिन्यात या प्रमाणाचं ग्राउंड इतकं मऊ पडतं की मनगट टेकलं तरी ठसा उमटतो. मी पुढच्या वेळी मेण ४० ग्रॅमवर आणलं आणि मनगटाखाली पट्टीचा पूल ठेवला. तेव्हा कुठे थर टिकला.

पत्रा तापवून त्यावर गोळा फिरवला की चिंधीतून ग्राउंड पाझरतं. मग रेशमात कापूस भरलेल्या दुसऱ्या बोंडाने ते ठोकत ठोकत सारखं करायचं. थर जितका पातळ तितका बरा. जाड थर सुईखाली चिरफळतो आणि रेषेची कड कुरतडल्यासारखी दिसते. पत्रा गरम असतानाच हातशिकंज्यात धरून उलटा करायचा आणि खालून तीन-चार बारीक मेणबत्त्यांची एकत्र पिळलेली ज्योत फिरवायची. काजळी मेणात शिरते आणि पत्रा काळाभोर होतो. ज्योत सतत हलती हवी. नीट झालेला थर ओल्या पाटीसारखा चमकतो. ज्योत क्षणभर जास्त थांबली तिथे मंद, राखाडी डाग पडतो. तो थर जळालेला असतो आणि अ‍ॅसिडमध्ये पापुद्र्यासारखा उडतो. माझा पहिला थर डाव्या कोपऱ्यात जळला होता. टर्पेंटाइनने सगळा पुसून पुन्हा लावला. यावर डागडुजी नाही.

चित्र पत्र्यावर उतरवायची सोपी रीत पेन्सिलची. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने सुलट रेखाटन करायचं, कागद दमट करून पालथा ग्राउंडवर ठेवायचा आणि हलक्या दाबाने प्रेसमधून काढायचा. काळ्या थरावर पेन्सिलीची रुपेरी रेष उमटते, आणि उलटीच उमटते. हवी तशी.

चित्र असं उलटं झालं, पण अक्षरांचं काय? खाली शीर्षक, त्याखाली प्रकाशनाची ओळ. ही ओळ हौसेची नव्हती. १७३५ च्या कायद्याने नक्कलचोरीपासून संरक्षण हवं असेल तर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख प्लेटवरच, म्हणजे पत्र्यावरच, असणं सक्तीचं केलं होतं. म्हणून या चित्रांची तारीख दिवसासकट सांगता येते. ही सगळी अक्षरं तांब्यावर उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखी लिहावी लागतात. गिलरे तरुणपणी अक्षरं कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करून आला होता, त्याच्या शीर्षकांचं वळण बघितलं की ते कळतं. मी अक्षरंही पेन्सिलीनेच उतरवली, म्हणजे सुईने फक्त गिरवायचं. तरी रोमन ‘एस’ने दगा दिला. रुपेरी रेष फिकी झाली, हात सवयीने वळला आणि शीर्षकातला एक ‘एस’ छापल्यावर उलटा निघाला. ‘एन’चंही तेच होतं. बाकीची अक्षरं उलटी काढताना हात अडखळतो, म्हणून आपण सावध असतो. या दोघांत हात अडखळतच नाही. उपाय एकच : प्रत्येक शब्द झाला की आरसा धरून वाचायचा. एकदा अ‍ॅसिड लागलं की ते अक्षर खरवडून, घासून, पत्र्याला मागून ठोकूनच काढता येतं.

सुईने फक्त मेण हटवायचं, तांबं खणायचं नाही. टोक फार तीक्ष्ण असेल तर ते तांब्यात रुततं आणि वळणावर रेष ताठरते. मी शिवणाच्या जाड सुया लाकडी दांड्यात बसवून टोकं तीन प्रकारे घासली : बारीक, मध्यम, बोथट. गोलाई हवी तिथे बोथटच चालते. गिलरेच्या रेषेची जी सहज लवचीकता आहे, कोटाच्या शेपटाची, उडालेल्या पायाची, ती याच कारणाने शक्य होते. मेणावरून सुई कागदावरच्या पेन्सिलीपेक्षाही निसटती चालते.

आता अ‍ॅसिड. आज प्लेट तबकात बुडवतात. तेव्हा प्लेटच तबक व्हायची. राळ ३ भाग, मेण २ भाग, चमचाभर गोडेतेल हे कोमट पाण्यात मळून त्याची पट्टी वळायची आणि पत्र्याच्या कडेने अडीच सेंमी उंचीचा बांध घालायचा, एका कोपऱ्यात ओतायला चोच. बांधाची बैठक नखाने दाबत पुरी फिरवावी आणि आधी साधं पाणी भरून दहा मिनिटं ठेवावं. माझ्या बांधाला चोचीपाशी झिरपा होता. पाण्याने तो दाखवला. अ‍ॅसिडने दाखवला असता तर पत्र्याची कड आणि टेबल दोन्ही गेली असती.

नायट्रिक अ‍ॅसिड १ भाग, पाणी ५ भाग. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. तपकिरी धूर निघतो, तो विषारी आहे. हे उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, शेजारी खाण्याच्या सोड्याची बादली ठेवूनच करावं. बंद खोलीत मुळीच नको. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी सर्किट बोर्डासाठी मिळणारं फेरिक क्लोराइड वापरावं. त्याला धूर नाही, बुडबुडे नाहीत, पण त्याचा गाळ रेषेत बसतो, म्हणून प्लेट तबकात पालथी टांगावी लागते.

नायट्रिक ओतल्यावर मिनिटभरात प्रत्येक रेषेवर मोत्यांची माळ उगवते. हे बुडबुडे बसू दिले तर त्यांच्याखाली अ‍ॅसिड पोचत नाही आणि रेष करवतीसारखी दातेरी होते. म्हणून पक्ष्याचं पीस घेऊन ते सतत हळुवार झाडत राहायचं. पिसाऐवजी ब्रश चालत नाही, केस ग्राउंडला ओरखडतात.

पहिली चार मिनिटं झाल्यावर अ‍ॅसिड ओतून काढलं, पत्रा धुतला, वाळवला आणि सगळ्यांत फिकं हवं ते, म्हणजे खिडकीतली छोटी चित्रं आणि काचांमागचा भाग, व्हार्निशने झाकून टाकला. या रेषा आता कायमच्या चार मिनिटांच्या. व्हार्निश वाळायला वीस मिनिटं. मग बघ्यांसाठी आणखी आठ मिनिटं, ते झाकले. उरला पडलेला गृहस्थ आणि त्याच्या अंगाखालचा फुटपाथ, त्यांना आणखी पंधरा. म्हणजे एकूण ४, १२ आणि २७ मिनिटं असा हिशेब.

हिशेब कागदावर बरोबर होता. छापल्यावर बघे जवळजवळ पडलेल्या माणसाइतकेच काळे निघाले आणि विनोदच सपाट झाला. कारण असं की तांबं खाताना अ‍ॅसिड स्वतः तापतं, आणि तापलं की जास्त वेगाने खातं. दुसऱ्या खेपेची आठ मिनिटं पहिल्या खेपेच्या आठ मिनिटांइतकी नसतात. दुसऱ्या पत्र्यावर मी तीन गोष्टी बदलल्या. प्रत्येक खेपेआधी अ‍ॅसिड निवू दिलं. ताज्या अ‍ॅसिडमध्ये जुनं, निळं पडलेलं थोडं मिसळलं. तांबं विरघळलेलं अ‍ॅसिड संथ आणि सारखं खातं. आणि समासात पाच चाचणी रेषा ओढून घड्याळाऐवजी त्यांच्या खोलीवर भरवसा ठेवला. सुईचं टोक रेषेत अडखळतं का, ते बघायचं. या वेळी बघ्यांना पाच मिनिटांत बाहेर काढलं.

आकाशात, म्हणजे रिकाम्या जागी, बारीक काळे ठिपके आले तर ती ग्राउंडमधली छिद्रं. थोडे असतील तर बर्निशरने (गुळगुळीत पोलादी टोकाच्या हत्याराने) तेल लावून घासून जातात. मी पाच-सहा घासले, दोन राहू दिले.

कागद सुती चिंध्यांचा हवा. मूळ प्रतींचा कागद उजेडात धरला तर बऱ्याचदा ‘जे व्हॉटमन’ हे कागद बनवणाऱ्याचं नाव आणि साल असं जलचिन्ह दिसतं. इंग्लिश कागदावर साल घालायची रीत १७९४ पासून रुळली. छापायच्या आदल्या रात्री कागद अर्धा तास भिजवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवायचा. सकाळी तो गार लागावा, पण पाणी चकाकता कामा नये. पाणी चकाकलं तर शाई चिकटत नाही.

शाई भरताना पत्रा कोमट हवा. पुसायला खळ लावलेली मलमल.  शेवटचा हात तळव्याचा, खडूची भुकटी लावून. जोर लावला तर रुंद रेषांतली शाई उपसली जाते आणि पडलेल्या माणसाचा कोट मध्येच पांढरा निघतो. कलाशाळेत पत्र्यावर शाईची हलकी छटा मुद्दाम ठेवायला शिकवतात. इथे ती नको. वर रंग चढणार आहे, खालची छटा तो मळवते.

प्रेसवर तीन फेल्ट, दाब असा की कोऱ्या कागदाच्या पाठीवर रेषा बोटाला लागाव्यात. पहिल्या प्रतीला तास गेला, दहाव्याला पंधरा मिनिटं.

रंग द्यायची घाई केली तर तेलाची शाई फरफटते. आठवडाभर थांबलो. माझ्या कागदाला खळ कमी होती, पहिल्या प्रतीवर निळा रंग टीपकागदासारखा पसरला. बाकीच्यांवर लिटरला २५ ग्रॅम जिलेटिनचं कोमट पाणी रुंद ब्रशने फिरवून वाळवलं, मग रंग वर थांबला. त्या काळी रंगाऱ्यांपुढे एक रंगवलेली प्रत नमुना म्हणून असायची आणि ते भराभर हात मारायचे. एकरंगी प्रत शिलिंगला, रंगीत दोन शिलिंगला. लंडनच्याच चीपसाइडचा दुकानदार थॉमस टेग रंगीत शिलिंगला विकायचा आणि त्याच्या बऱ्याच प्रतींचे रंग तसेच भडक आणि रेषेबाहेर गेलेले असतात. मी प्रशियन ब्लू (निळा), गँबोज (पिवळा), कारमाइन (लाल) आणि सेपिया (तपकिरी) एवढेच घेतले. पहिली प्रत चाळीस मिनिटं, सहावीनंतर बारा. सहावीनंतर रंग रेषेबाहेर जाऊ लागला आणि चित्र एकदम जुनं, खरं दिसू लागलं. एकाच चित्राच्या दोन जुन्या प्रतींत कोटाचा रंग वेगळा दिसला तर त्यातला ‘मूळ’ कोणता हे शोधत बसू नये.

काम संपल्यावर पत्रा टर्पेंटाइनने रेषांपर्यंत धुऊन, मेणाचा पातळ हात देऊन कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावा. शाई रेषेत वाळली तर पुढच्या छपाईला ती दगड होते, आणि दमटपणाने हिरवा गंज चढतो. गिलरेच्या प्लेटा त्याच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, १८५१ मध्ये हेन्री बोन या प्रकाशकाने पुन्हा छापल्या. जाड कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. जुनं म्हणून विकायला येणारं गिलरेचं पान उलटून बघावं : मागे दुसरं चित्र असेल तर ते बोनचं.