जुन्या नकाशावर भरवसा ठेवून बामणोली ते वासोटा

धरणापूर्वीच्या कोयना खोऱ्याचा, एका इंचाला एक मैल या प्रमाणाचा नकाशा घेऊन एप्रिलच्या अखेरीस मी बामणोलीहून होडीने वासोटा किल्ल्याला गेलो. त्यातली नदीकाठची गावे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली आहेत, हे ठाऊक होते. पण ठिपक्यांनी दाखवलेल्या पायवाटा आज नेमक्या कोठे तुटतात, हे घरी तपासले नव्हते.

वासोट्याची चढण दमछाक करणारी असली तरी वाट मळलेली आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. खरा त्रास झाला तो उतरल्यावर, पायथ्याच्या मेट इंदवली गावाच्या खालच्या काठावर. पाणी ओसरल्याने उघड्या पडलेल्या उतारावर घराच्या जोत्याचे दगड दिसत होते आणि नकाशातली वस्तीची खूणही तिथेच होती. वाटाड्या नको म्हणत असताना मी पुढे गेलो. वरून भेगाळलेला, कोरडा वाटणारा गाळ चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत खचला आणि जेमतेम तीस पावलांचे अंतर परतायला पाऊण तास लागला. त्या गाळात कोणीही उतरू नये, हे मी अजून दुखणाऱ्या पायांनी लिहीत आहे.

जुना नकाशा मात्र टाकून देऊ नका, कारण बुडालेल्या खोऱ्याचा आकार आणि वस्त्यांची नावे त्यातच उरली आहेत. धरण पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी सुमारे 2,163 फूट असते, आणि या नकाशातल्या उंच्याही फुटांतच आहेत. म्हणून समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) आधार घेऊन त्या उंचीची निळी रेघ आधीच ओढावी आणि तिच्या खालची प्रत्येक पायवाट रद्द समजावी. निघण्याच्या आठवड्यात वर्तमानपत्रात आलेली पाणीपातळी पाहून दुसरी रेघ ओढावी, म्हणजे या दोन रेघांमधला पट्टा हाच गाळाचा धोका आहे, हे चालण्यापूर्वीच कळते. वरच्या वाटांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नवा नकाशा सोबत हवाच. मात्र त्यात उंची मीटरमध्ये असल्याने दोन्हींची गल्लत करू नये.

हे अभयारण्य असल्याने वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि अंधारापूर्वी परतावे. होडीचे भाडे ठरवताना थांबण्याचे तासही त्यातच धरून घ्यावेत. आमच्या नावाड्याने परतताना, भर पाण्यात, थांबण्याचे वेगळे 1,200 रुपये मागितले. ही सरळसरळ अडवणूक होती आणि तिथे घासाघीस करण्याचे त्राण आमच्यापैकी एकातही उरले नव्हते.