स्वस्त रायफलीत कंपनीनं पैसा कुठे वाचवला, ते आधी बघा

शिकारीसाठी पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (प्रत्येक बारानंतर बोल्ट नावाची दांडी हाताने मागेपुढे करायची ती) घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: केवढ्याला आहे आणि नेमाला कशी आहे. मी त्यात तिसरी घालेन. ही एवढी स्वस्त पडते, तर बनवणाऱ्यानं पैसा नेमका कुठे वाचवला? नळीत वाचवला असेल तर ती घेऊ नका. दस्त्यात (खांद्याला लावून धरायचा भाग), मॅगझिनमध्ये (काडतुसांची डबी) किंवा पॉलिशमध्ये वाचवला असेल तर खुशाल घ्या, कारण त्या गोष्टी नंतर सुधारता येतात.

स्वस्त असूनही अचूक रायफल बनू शकते, याला कारण आहे. १८९८ च्या माउझर रायफलीचा रिसिव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो आणि नळी ज्याला जोडते तो मधला भाग, पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावा लागे, आणि त्यात कारागिराचे बरेच तास जात. १९४८ मध्ये रेमिंग्टन ७२१ आली. तिचा रिसिव्हर गोल सळईतून लेथवर काढला होता, आणि धक्का झेलणारा रिकॉइल लग वॉशरसारखा वेगळा बनवून नळी व रिसिव्हर यांच्यामध्ये दाबून बसवला होता. १९५८ च्या सॅव्हेज ११० मध्ये नळी एका मोठ्या नटाने आवळली. त्यामुळे हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर, गेज लावून नट फिरवत जुळवता येऊ लागलं. कानशीने घासत बसायची गरज उरली नाही. बोल्टचं डोकंही वेगळं आणि किंचित सैल ठेवलं, म्हणून बोल्टला आत अडकवून धरणारे दोन्ही लग (दाते) आपोआप सारखे टेकतात. रूगर अमेरिकनमध्ये बोल्टचं अंग लगांच्याच जाडीचं आहे, त्यामुळे रिसिव्हरला आतून सरळ गोल भोक पुरतं. २००३ मध्ये आलेल्या टिक्का टी-३ ने सगळ्या काडतुसांसाठी एकाच लांबीचा रिसिव्हर ठेवला. बदलतात ते मॅगझिन आणि बोल्टचा अडसर. या काटकसरींनी नेमाचं काही बिघडत नाही, उलट काही ठिकाणी सुधारतंच.

आता कात्री कुठे लागते ते. सगळ्यात आधी दस्त्याला. साच्यातून काढलेला पोकळ प्लॅस्टिकचा दस्ता हलका असतो, भिजून फुगत नाही, पण पुढच्या भागात लवचिक असतो. तिथेच नळीशी गाठ पडते. गोळी सुटताना नळी कंप पावते, आणि तो कंप दर वेळी सारखा राहिला तरच गोळ्या एका जागी लागतात. दस्ता कधी नळीला टेकला, कधी नाही, असं झालं की हा कंप बदलतो. दुकानातच तपासा: साध्या कागदाची पट्टी नळीखाली घालून टोकापासून रिसिव्हरपर्यंत ओढत न्या. अडली नाही तर पहिली परीक्षा पास. मग दस्त्याचं टोक चिमटीत धरून नळीकडे दाबा, आणि रायफल बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) ठेवल्यासारखी टेकवून पुन्हा पट्टी ओढा. बऱ्याच स्वस्त रायफली इथे अडतात. पट्टी एकाच बाजूला अडत असेल तर घरी गोल दांड्यावर सँडपेपर गुंडाळून तेवढा भाग घासता येतो, साधारण दीड-दोन मिलिमीटर फट मिळेपर्यंत. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यासाठी चांगली नळी नाकारू नका. काही मॉडेलांत मात्र दस्ता नळीला मुद्दाम एका ठिकाणी टेकवलेला असतो. तिथे आधी बार काढून बघा गोळ्या कशा बसतात, मग घासायचं ठरवा.

दुसरी परीक्षा रिसिव्हर दस्त्यात कसा बसतो याची. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा पाहा. बोल्ट काढून ठेवा. दस्त्याचं टोक आणि नळी जिथे जवळ येतात तिथे दोन्हींवर एक बोट ठेवा आणि पुढचा स्क्रू हळूहळू ढिला करा. बोटाला नळी उचलल्यासारखी जाणवली, तर स्क्रू आवळताना रिसिव्हर वाकत होता असं समजा. अशा रायफलीत गोळ्या दोन वेगळ्या जागी जमतात. उपाय म्हणजे बेडिंग: रिसिव्हरखाली इपॉक्सीची बैठक, आणि जमल्यास स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्या. रूगर अमेरिकनमध्ये दस्त्यातच धातूचे व्ही-आकाराचे ठोकळे बसवलेले येतात, म्हणून तिचा दस्ता लवचिक असूनही रिसिव्हर पक्का बसतो. टिक्कात रिकॉइल लग दस्त्यात राहतो आणि रिसिव्हरच्या खाचेत शिरतो. टी-३ मध्ये तो अ‍ॅल्युमिनियमचा होता, टी-३एक्स मध्ये पोलादी केला. स्क्रू किती आवळायचे ते रायफलीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अंदाजाने आवळू नका, टॉर्क पाना घ्या. प्लॅस्टिकमध्ये जास्त आवळलं की दस्ता दबतो, मग पुढच्या महिन्यात स्क्रू ढिला सापडतो.

चाप हा तिसरा मुद्दा. कारखान्यातून येणारा चाप पूर्वी अडीच-तीन किलोला सुटायचा. सव्वातीन किलोच्या रायफलीवर तेवढा जोर लावला की रायफलच हलते. शिकारीसाठी सव्वा ते दीड किलो योग्य. सॅव्हेजचा अ‍ॅक्युट्रिगर आणि त्याच धर्तीचे मधल्या पात्याचे चाप आल्यापासून स्वस्त वर्गातही जुळवता येणारे चाप मिळतात. पातं दाबल्याशिवाय चाप सुटत नाही, म्हणून तो हलका ठेवूनही सुरक्षित राहतो. वजनापेक्षा जास्त महत्त्वाचं, चाप सुटण्याआधी खरखरत सरकू नये. काचेची काडी मोडावी तसा एका क्षणी सुटला पाहिजे. जुळवणी केल्यावर एक चाचणी चुकवू नका: काडतुसं दुसऱ्या खोलीत, रायफल रिकामी, बोल्ट जोराने दहा वेळा बंद करा, मग सेफ्टी काढून दस्त्याची रबरी टाच जमिनीवर आपटा. फायरिंग पिन एकदाही सुटली तर चाप धोकादायक हलका झाला आहे. परत कडक करा.

नळीचं परीक्षण सोपं आहे, पण लोक करत नाहीत. बोल्ट काढून मागच्या बाजूने उजेडाकडे बघा. नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचांच्या कडा दोरीसारख्या सलग दिसायला हव्यात, मध्ये काळा डाग किंवा अंधारी कडी नको. मग नळीचं तोंड, म्हणजे क्राउन. कापसाची काडी आतून बाहेरच्या दिशेने कडेवर फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे बारीक बर (धातूचा काटा) आहे. गोळी बाहेर पडताना तिच्या तळाला वायू सगळीकडून एकाच वेळी सुटला पाहिजे. एका बाजूने आधी सुटला तर गोळी कलते. चांगल्या नळीची नुसती कड खराब असेल तर बंदूक दुरुस्त करणारा लेथवर नवी कड काढून देतो.

नळीचा पीळही, म्हणजे आतल्या खाचा किती इंचांत एक फेरा घेतात तेही, बघा. लांब गोळीला वेगाने फिरवणारा पीळ लागतो. .२२३ रेमिंग्टन काडतुसाच्या नळीत ९ इंचाला एक फेरा असेल तर ५५ ते ६९ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या बहुधा ठीक चालतात. ७५-७७ ग्रेन वापरायच्या तर ८ इंचाचा घ्या. ६.५ क्रीडमूरला ८, .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ ला १० इंच हे नेहमीचे आकडे. पीळ कमी पडला की कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं, म्हणजे गोळी आडवी होऊन लागली.

काडतुसाच्या निवडीवर लोक महिनोन्‌महिने वाद घालतात. माझ्या मते हा सर्वांत सोपा निर्णय आहे. जे काडतूस जवळच्या दुकानात नेहमी मिळतं आणि ज्याचा धक्का तुम्ही डोळे न मिटता सोसता, ते घ्या. हरणाच्या आकाराच्या प्राण्यासाठी .२४३, ६.५ क्रीडमूर आणि .३०८ तिन्ही पुरतात. .२४३ चा धक्का .३०८ च्या साधारण निम्मा असतो, आणि नवशिक्याला हाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो. रायफल हलकी घेतलीत तर धक्का वाढणार; डोंगर चढायचा नसेल तर अडीच किलोच्या रायफलीचा हट्ट नको.

आता अचूकतेचे दावे. मिनिट हे इथे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग; एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर. जाहिरातीतला 'एक मिनिटाचा' ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा झुबका) बहुधा तीन गोळ्यांचा असतो. त्याच रायफलीने पाच गोळ्या मारल्या तर ग्रुप सरासरीने सुमारे २७ टक्क्यांनी मोठा येतो, दहा मारल्या तर सुमारे ५८ टक्क्यांनी. रायफल बिघडलेली नसते, गोळ्या वाढल्या की टोकाची गोळी सापडण्याची शक्यता वाढते एवढंच. म्हणून तीन गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर रायफल विकत घेऊ नका आणि एका वाईट ग्रुपवर विकूही नका. हरणाचं काळीज-फुप्फुसाचं क्षेत्र साधारण २० सेंटिमीटर रुंद असतं. दीड मिनिटाची रायफल २०० मीटरवर सुमारे ९ सेंटिमीटरमध्ये गोळ्या ठेवते. शिकारीला ती पुरेशी आहे. अर्ध्या मिनिटासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ते काडतुसांवर घाला.

आणि स्कोपवर, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीवर. रायफलीइतकीच रक्कम स्कोप आणि माउंटसाठी (स्कोप रायफलीला धरणारे बेस आणि रिंगा) बाजूला काढा, हे माझं ठाम मत आहे. रायफलीसोबत पॅकेजमध्ये येणारी दुर्बीण बहुधा सगळ्यात कच्चा दुवा असते. ३-९×४० (३ ते ९ पटीची, ४० मिलिमीटर भिंगाची) किंवा साधी ४ पटीची पुरते. माउंट बसवताना बेसचे स्क्रू आणि त्यांची भोकं अल्कोहोलने पुसून तेल काढा, निळ्या लॉकिंग द्रवाचा एक थेंब लावा. बेसचे स्क्रू साधारण २.५ ते २.८ न्यूटन-मीटर, रिंगांचे सुमारे २. पण स्कोपवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. पुढचा स्क्रू जास्त लांब असला तर तो नळीच्या आट्यांना किंवा बोल्टच्या लगाला टेकतो. बेस आवळलेला वाटतो पण खाली दबलेला नसतो, किंवा बोल्ट एकाएकी जड चालू लागतो. असं झालं तर स्क्रू काढून त्याच्या टोकाकडे बघा. चमकदार घासलेला ठिपका दिसला तर एक-दोन आटे घासून कमी करा.

अंगाला बसते का, हे दुकानातच पाहा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. मान न हलवता स्कोपचं पूर्ण वर्तुळ दिसायला हवं. बहुतेक स्वस्त दस्त्यांचा गालाचा भाग खाली असतो, गाल हवेत तरंगतो. पट्ट्याने बांधायची गालाची गादी स्वस्तात मिळते, तिने हे सुटतं. दस्ता लांब असेल तर जाड कपड्यांत जास्तच अडतो. तो कापता येतो, पण आखूड दस्ता लांब करायला स्पेसर (मध्ये घालायच्या जाड चकत्या) लागतात, आणि ते सगळ्यांना बसत नाहीत.

मॅगझिन रिकाम्या डमी काडतुसांनी तपासा. हळू, झटकन, रायफल तिरपी धरून; तिन्ही प्रकारे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) गेलं पाहिजे. प्लॅस्टिक मॅगझिनची खटक्याची कड आधी झिजते. दुसरं मॅगझिन सहज मिळतं का, हे घेण्याआधीच विचारा.

वापरलेली रायफल चांगला सौदा ठरू शकते. कित्येक शिकारी वर्षात दहा-वीस गोळ्या झाडतात, त्यामुळे दस्ता ओरखडलेला आणि नळी जवळजवळ नवी, अशी जोडी सापडते. स्क्रूंची डोकी चिंबलेली असतील तर कुणीतरी आत हात घातला आहे. बोल्ट आणि रिसिव्हरवर क्रमांक असेल तर तो जुळतो का बघा. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हेडस्पेस गेजने तपासल्याशिवाय बार काढू नका.

घरी आणल्यावर परवाना, हंगाम आणि काडतुसं ठेवण्याचे तुमच्याकडचे नियम नीट वाचून घ्या आणि मग रेंजवर जा. मागे मातीचा भक्कम बांध हवा. तीन-चार प्रकारची काडतुसं घ्या, प्रत्येकाची एक पेटी, प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप. पातळ नळी तीन-चार बारांत तापते, मग ग्रुप उभा पसरू लागतो. हात ठेवून धरता येईल इतकी निवेपर्यंत थांबा. त्या वेळात मागच्या गोळीचा निकाल कागदावर लिहून ठेवा. सगळ्यात चांगलं जमणारं काडतूस ठरलं की त्याच लॉटचं जास्तीचं आणून ठेवा.

मग झिरो, म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमाच्याच जागी लागेल असा स्कोप जुळवणं. १५० ग्रेनची .३०८ सुमारे ८६० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. १०० मीटरवर मधोमध झिरो केली तर २०० वर अंदाजे १२ आणि ३०० वर ४५ सेंटिमीटर खाली लागते. १०० वर ४ सेंटिमीटर वर ठेवली तर २०० मीटरपर्यंत ती नजरेच्या रेषेपासून ५ सेंटिमीटरच्या आतच राहते, आणि नेम धरताना हिशेब करावा लागत नाही. स्कोपची पाव मिनिटाची एक क्लिक १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर हलवते.

शेवटची चाचणी सगळ्यात सोपी आहे. वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीने, एकच गोळी त्याच कागदावर मारा. असे सात-आठ दिवस झाले की कागदावर जो ग्रुप दिसेल, तोच जंगलात तुमच्या हाती असणार आहे, कारण प्राणी पहिल्या बारालाच समोर असतो. नळी साफ केल्यानंतरची पहिली गोळी मात्र यात धरू नका. ती बऱ्याचदा बाजूला जाते. शिकारीला निघण्याआधी तशा एक-दोन गोळ्या झाडून नळी पुन्हा मळवून ठेवा.