मग उतरवलंत कशाला?

मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी आमच्याच वर्गात दोरे बांधून एक इन्स्टॉलेशन उभं केलं, आणि मग ते उतरवलं. त्या वर्गाचे फोटो पाहून झाले की बहुतेक जण हेच विचारतात: "एवढा खटाटोप केलात, मग उतरवलंत कशाला?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

विद्यापीठातला साधा वर्ग. बाकं जमिनीला बोल्टनं जखडलेली, समोर फळा. इन्स्टॉलेशनला, म्हणजे एखादी अख्खी जागाच कलाकृती म्हणून मांडण्याला, मराठीत मांडणशिल्प म्हणतात, आणि मला त्यातलं 'मांडण' फार पटतं. कारण वर्ग ही मुळातच एक मांडणी असते. कुणी कुणाकडे तोंड करून बसायचं, हे आपण येण्याआधीच बाकांनी ठरवलेलं असतं. तेव्हा बाहेरून काही आणायचंच नाही असं ठरलं. फक्त सुती दोरा आणि थोड्या काठ्या. प्रत्येकानं आपल्या जागेवर काठी उभी करून डोळ्यांच्या उंचीला दोरा बांधायचा, आणि तास चालू असताना नजर खरोखर जिथे जाते तिथे दुसरं टोक न्यायचं. खोटं बोलायचं नाही.

पहिला दोरा खिडकीला गेला. दुसराही. एक दाराच्या कडीला. एक पुढच्या बाकावरच्या काठीला, बरोबर वेणीच्या उंचीवर. त्यावर जो हशा झाला तो आवरेना. तीन दोरे बाकाखालच्या कप्प्यात उतरले, म्हणजे मोबाइलवर. फळ्यापर्यंत पोचले चार. चोवीस जणांतले चार, आणि तास माझा.

दोऱ्याची युक्ती आमची नव्हेच. न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली मार्सेल द्युशाँ या कलावंतानं अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) चित्रकारांच्या प्रदर्शनात दोऱ्याचं असं जाळं विणलं होतं की चित्रांजवळ जाणंच अवघड व्हावं. आमच्याकडे अडवायला चित्रं नव्हती, एवढाच फरक.

भिंतीला खिळा मारायची परवानगी नव्हती. चिकटपट्टीला ताण सोसेना. सकाळी येऊन पाहतो तर निम्मे दोरे जमिनीवर. मग गज, कड्या, पंख्याचा हूक, जे आयतं मिळेल त्याला गाठी मारल्या. दारापर्यंतची वाट मात्र मोकळी ठेवायला लावली, आणि ते योग्यच होतं.

सगळं झाल्यावर मागून एकीनं विचारलं, "मॅडम, तुमचा दोरा?"

आमच्या वर्गातलं घड्याळ मागच्या भिंतीवर आहे. म्हणजे ते फक्त शिकवणाऱ्यालाच दिसतं. मी टेबलाजवळ काठी रोवली आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून दोरा थेट तिथे नेला.

आता उतरवण्याचं. इल्या काबाकोव्ह या कलावंतानं १९९३ साली टेक्सासमधल्या मार्फा इथे एक ओसाड पडलेली सोव्हिएत शाळा मांडली, 'स्कूल नंबर ६'. ती कायमची आहे आणि कायमचीच असायला हवी. तिथे कुणी शिकायला येणार नाही, हाच तिचा विषय. याउलट १९७२ सालचं 'वुमनहाउस' हे मांडणशिल्प. ज्युडी शिकागो आणि मिरियम शापिरो या कलाशिक्षिकांच्या विद्यार्थिनींनी हॉलिवुडमधल्या एका पडक्या घराच्या खोल्याखोल्यांतून ते उभं केलं, आणि ते महिनाभरच लोकांसाठी खुलं होतं. आमचा वर्ग या दुसऱ्या जातीचा. सोमवारी तिथे तास होता. मुलं दोऱ्यांखाली येऊन बसली असती तर खिडकी सोडून दोऱ्यांकडेच बघत राहिली असती, मग ते दोरे खोटे ठरले असते. आठवड्याभरात त्यांची सजावट झाली असती. सजावट मला करायची नव्हती.

रविवारी दुपारी ज्यानं त्यानं आपापला दोरा सोडवला. सगळ्यांचा मिळून एक गुंडा झाला, दोन मुठींएवढा. माझ्या दोऱ्याला कुणी हात लावेना. घड्याळाच्या खिळ्यापाशी गाठ अशी काही आवळली होती की शेवटी स्टुलावर चढून कात्री मागावी लागली.