गॅदरिंगमधला रिसर्चचा अर्धा तास

बीजेचं, म्हणजे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचं, गॅदरिंग म्हटलं की लोकांना आधी नाटकं आठवतात आणि ते बरोबरच आहे, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे इथलेच विद्यार्थी, आगाशे सर तर नंतर इथेच सायकियाट्री शिकवायचे, त्यामुळे स्टेजला इथे कायम मोठा मान. फिशपॉन्ड, गाणी, साडी नेसून आलेल्या फर्स्ट इयरच्या पोरी, सगळं असायचं. पण मला सगळ्यात जास्त आवडायचा तो बक्षीस समारंभाच्या आधीचा अर्धा तास, जेव्हा सर आणि मॅडम लोक वर्षभरात कोणाचा काय रिसर्च झाला ते सांगायचे. पोरं तेव्हा वडापाव खायला बाहेर जायची. आम्ही ससूनचा, म्हणजे कॉलेजच्या हॉस्पिटलचा, स्टाफ मात्र हलायचो नाही.

मी गरोदर बायकांच्या ओपीडीत काउन्सेलर होते. रिपोर्ट एचआयव्ही पॉझिटिव्ह आला की त्या बाईला शांतपणे सांगायचं, मग नवऱ्याला कसं सांगायचं, सासूला काय सांगायचं, बाळाला अंगावर पाजायचं की नाही, हे सगळं तिच्याबरोबर बसून ठरवायचं. त्या काळात बाळाला जन्मल्यावर नेव्हिरापिन या एचआयव्हीवरच्या औषधाचा एकच डोस मिळायचा. पण लागण पुढे दुधातूनही होऊ शकते, आणि आमच्या बायकांना डब्याचं दूध कुठून परवडणार, त्यात पाणी खराब असलं तर जुलाबाने बाळ हातचं जायची भीती वेगळीच. म्हणून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर बीजेत ट्रायल झाली, बाळाला सहा आठवडे रोज नेव्हिरापिन सिरप दिलं तर काय फरक पडतो ते बघायला, आणि तशाच ट्रायल इथिओपिया आणि युगांडातही चालू होत्या.

संमतीचा फॉर्म वाचून दाखवायला खूप वेळ लागायचा, कारण सही येत नसेल तर अंगठा आणि सोबत साक्षीदार, आणि बाईला खरंच समजलंय ना याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. शिरूर-दौंडकडून एसटीने फॉलोअपला येणाऱ्या बायका तान्हं बाळ पदराखाली घेऊन यायच्या, घरी खरं कारण न सांगता. त्यांचं मला अजून फार कौतुक वाटतं.

तिन्ही देशांचा मिळून पेपर २००८ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला आणि त्यानंतरच्या गॅदरिंगला सरांनी स्लाइड वगैरे न लावता साध्या मराठीत सगळं सांगितलं. एकच डोस मिळालेल्या बाळांत सहा आठवड्यांपर्यंत ५.३ टक्क्यांना लागण झाली, रोज सिरप मिळालेल्यांत २.५ टक्क्यांना. सहा महिन्यांपर्यंत हा फरक बराच कमी होतो हेही त्यांनी तिथेच सांगितलं, कारण सिरप थांबतं पण पाजणं चालूच असतं, म्हणजे पुढचं काम बाकी आहे. माझ्या शेजारी लेबर वॉर्डच्या मावशी होत्या, त्या म्हणाल्या, "बाळाच्या तोंडात ते थेंब कसे सोडायचे ते आयांना आपणच दाखवलं ना गं?" हो मावशी, आपणच! टाळ्या वाजवताना आम्ही सगळ्या रडत होतो. नंतर सहा आठवडे सिरप देणं ही आपल्याकडची नेहमीची पद्धत झाली.

आणि एक सांगायलाच हवं, इथे मनासारखं न आलेलं उत्तरही तितक्याच मानाने सांगितलं जायचं. एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड गरोदरपणातच सुरू करावं की बाळंतपणानंतर, यावर आठ देशांत ९५६ बायकांचा अभ्यास झाला, त्यात बीजेही होतं. २०१९ मध्ये निकाल आला. गरोदरपणात औषध सुरू केलेल्यांत मूल पोटात दगावणं, वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मणं असे प्रकार जास्त, २३.६ टक्के, आणि नंतर सुरू केलेल्यांत १७. चांगलं म्हणून जे द्यायचं त्याची वेळ तपासून बघितली म्हणून हे कळलं, माझ्या मते हे यशच आहे आणि मोठं यश आहे.

आता या बातम्या व्हॉट्सॲपवर इंग्रजीत येतात, डॉक्टर लोक वाचतात, मावशी आणि मामांपर्यंत काही पोचत नाही. यंदाच्या गॅदरिंगच्या कमिटीतलं कोणी हे वाचत असेल तर प्लीज तो अर्धा तास ठेवा, मराठीत ठेवा, आणि ज्या वॉर्डात काम झालं तिथल्या सिस्टर आणि मावशींना पुढच्या रांगेत बसवा.