तुळशी पाइप रोडवर चार राउंड

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी जनरल नॉलेजची क्विझ असते आणि यंदा प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कमिटीतल्या काकांनी व्हॉट्सॲपवर चार राउंड पाठवले, कला, वन्यजीव, ऊर्जा आणि शहराचा इतिहास, खाली एक ओळ, "सोपं ठेव, मागच्या वेळी पोरं रडली." मेसेज वाचला तेव्हा मी दादरहून लोअर परळला जाताना टॅक्सीत अडकलेलो, गाडी हलेना, ड्रायव्हर फोनवर कोणाला तरी सांगतोय "तुलसी पाइप पे हूं", आणि समोर पाटी सेनापती बापट मार्गाची. म्हटलं अरे, चारही राउंड या एकाच रस्त्यावर उरकतील की!

इतिहास तर नावातच आहे. १८६० चा विहार तलाव वाढत्या शहराला पुरेना म्हणून त्याच्या वरच्या अंगाला तुळशी तलाव बांधला, १८७९ ला पूर्ण झाला, त्याच्या पाण्याची मोठी पाइपलाइन या बाजूने शहरात आली म्हणून तुळशी पाइप रोड. पाटी बदलून कितीतरी वर्षं झाली, तोंडातलं नाव काही बदललं नाही.

वन्यजीवाचा प्रश्न त्याच तलावातला. तुळशी आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, काठाला बिबटे, पाण्यात मगरी, आणि तेच पाणी शुद्ध करून आपल्या नळाला. प्रश्न काढला, मुंबईच्या पिण्याच्या पाण्याच्या कोणत्या तलावात मगरी आहेत? (विहार म्हटलं तरी मार्क दिले, तिथेही आहेत. पण दोन आया ज्या नजरेने माझ्याकडे बघत होत्या ना!)

ऊर्जेला मात्र मी जरा जास्तच वाहवलो. सेनापती बापट हे सेनापती झाले ते सैन्यात नाही, मुळशीत. टाटा कंपनीला मुळशीला धरण बांधून वीज मुंबईला द्यायची होती, त्यात मावळातली पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार, म्हणून १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, "जान किंवा जमीन" ही घोषणा. धरणग्रस्तांच्या जगातल्या पहिल्या लढ्यांपैकी हा एक. हरले. धरण झालं, जे पाणी मुळा, भीमा करत पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं ते डोंगरातून बोगद्याने वळवून पश्चिमेला जवळपास ५०० मीटर खाली भिऱ्याला पाडलं, १९२७ मध्ये वीजघर सुरू झालं. तेच पाणी पुढे कुंडलिकेत सोडतात आणि कोलाडला आपण त्याच्यावर राफ्टिंग करतो, सकाळी पाणी सोडलं तरच बोट.

आता गंमत बघा, ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी, आणि बापटांचं नाव कुठल्या रस्त्याला, तर गिरणगावातून जाणाऱ्या. नाव देणाऱ्याच्या हे डोक्यात होतं का योगायोग, देव जाणे. त्याच रस्त्यावरच्या फिनिक्स मिलचा आता मॉल झालाय, एसी फुल्ल.

कलेला माहीम-दादरकडची रेल्वेची लांबलचक भिंत घेतली. २००९ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेनेच लोकांना बोलावलं, या आणि रंगवा, मग शेकडो लोक डबे-ब्रश घेऊन आले. लोकलमधून ती दिसत नाही, कारण चित्रं रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यालाच हे प्रदर्शन फुकट.

क्विझ बरी झाली. "सेनापती बापट मार्ग कशासाठी प्रसिद्ध आहे?" या माझ्या लाडक्या प्रश्नाला सातवीतल्या एका मुलीने ताडकन उत्तर दिलं, "फुलमार्केट!" मी मुळशी मुळशी म्हणत राहिलो पण दादरचं फुलमार्केट तिथेच आहे, बाप्पाचा हार त्या सकाळी तिथूनच आलेला, आणि सगळी सोसायटी तिच्या बाजूने. दिले मार्क.

काकांनी पुढच्या वर्षी एक राउंड क्रिकेटचा ठेवायला सांगितलंय.